इंटरवलपर्यंतची जमनाबाई

जमनाबाई आडे आमच्या शेजारी राहायला आली तेव्हा मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते हसताना. टेम्पोतून कपाट उतरवत होते. कपाटाचं दार उघडलं आणि आत कोंबलेली भांडी रस्त्यावर घरंगळत निघाली. तिचा मुलगा, शाळेतला मास्तर, डोक्याला हात लावून उभा. सून एका पातेल्याच्या मागे धावते आहे. आणि ही बाई रस्त्याच्या मधोमध उभी राहून, पदर तोंडात कोंबून हसते आहे. नव्या गल्लीत पहिल्याच दिवशी बाईमाणसाने असं हसावं का? मी ओट्यावर तूर निवडत होते. मी पुन्हा सुपात मान घातली. पण माझ्या बाजूला खुर्चीवर बसलेल्या माझ्या नवऱ्याच्या घशातून एक आवाज आला. मला वाटलं, ठसका लागला. मी पाणी आणायला उठले. पाणी घेऊन आले तर ते हसत होते.

आमचे हे आर्णीच्या जिनिंगमध्ये काट्यावर होते. कापसाच्या गाड्या मोजण्यात जन्म गेला. बोलणं आधीच कमी, हसणं त्याहून कमी. आमच्या लग्नात फोटोवाला "हसा हसा" म्हणाला तेव्हा ह्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने घाईघाईत बटण दाबलं. त्या फोटोत आम्ही दोघंही पोलीस ठाण्यात बसल्यासारखे दिसतो. पुढे त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. उठवणं, आंघोळ घालणं, भरवणं, धरून ओट्यावर आणून बसवणं, सगळं मीच करायची. त्यांच्या अंगाची एकेक हालचाल मला पाठ होती. ते हसणं मात्र मला माहीत नव्हतं. ते एका परक्या बाईने सांडलेल्या भांड्यांसकट रस्त्यावरून काढलं.

त्या दिवशी जमनाबाई मला आवडली नाही. पुढेही फारशी आवडली नाही. आता गल्लीत सगळे तिचं गोड गोड सांगतात, म्हणून मी माझं सांगते.

ती दिग्रसकडच्या एका तांड्यावरची. हनुवटीवर गोंदलेलं, दंडावर जुन्या चुड्याचे पांढरे वण राहिलेले. घरात मुलाशी-सुनेशी गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली बोलायची, बाहेर आमच्यासारखी वऱ्हाडी, आणि हिंदी तिला आपसूक यायची. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. मी चौथी शिकलेली. पण तिला काय विचारावं आणि मला काय विचारावं हे गल्लीने लवकरच ठरवून टाकलं. लोणचं किती दिवस मुरवायचं ते मला. पिक्चर पाहावा की नाही ते तिला.

तिचा डावा गुडघा गेलेला होता. दर महिन्याला ती एसटीने यवतमाळला जायची. डॉक्टर गुडघ्याला शेक देई. परतीची गाडी दुपारनंतर. मधल्या वेळात उन्हात कुठे बसायचं, म्हणून एकदा ती टॉकीजमध्ये जाऊन बसली. तिथे गार हवा, मऊ खुर्ची, पाय लांब करायला जागा. तेव्हापासून ती दर खेपेला जाऊ लागली, आणि पाहायची फक्त हसण्याचे. मारामारीचा लागला असेल तर सरळ बसस्टँडवर येऊन बसायची.

तिचा कायदा सोपा होता. परत आली की बायका विचारायच्या, "कसा हाये वो पिच्चर?" ती म्हणायची, "गुडघा नाही आठोला." म्हणजे चांगला. "मधात एकडाव आठोला," म्हणजे बरा. आणि एकदा चप्पल काढता काढताच म्हणाली, "काय सांगू माय, पिच्चरभर गुडघाच पाहून राह्यली." तो पिक्चर गल्लीतून कोणीही पाहिला नाही. कॉलेजातल्या पोरी फोनमध्ये कोणत्या पिक्चरला किती तारे दिले ते पाहायच्या आणि तरी संध्याकाळी जमनाबाईच्या अंगणात येऊन विचारायच्या, "आजी, जाव का?"

तिची मतं मी सांगते. माझी नाहीत, पण मला पाठ आहेत, कारण आमच्या दोघींच्या अंगणात नुसती कमरेएवढी भिंत होती.

ती म्हणायची, आताचे पिक्चरवाले हसवण्याआधी ढँण करून वाजवतात. "मले कायले सांगतं बाप्पा कुठी हसाचं ते? मले समजत नाही का?" सगळेच ओरडून बोलतात, याचाही तिला राग होता. "जोरानं बोललं म्हंजे हसू येते का? मंग तं आमच्या तांड्याचा नायक लय मोठा हिरो झाला असता." जाड्या माणसाला पाडलं की लोक हसतात, ते तिला आवडत नसे. "पडला तं उचला न त्याले. मलेच उठता येत नाही, मले ठाव हाये." हिरोने लुगडं नेसून बाई व्हायचं, हे तर तिने निकालातच काढलं होतं. "निऱ्या पाहा त्याच्या! पायात येऊन पडत काहून नाही मेला? पडला असता तं हसली असती."

भुताचे आणि हसण्याचे असे एकत्र पिक्चर आजकाल फार येतात. त्यात भूत नेहमी बाईचंच असतं, हे तिने ओळखलं होतं. "नवऱ्यानं मारली, सासूनं जाळली, अन् हिरो तिले भिऊन पळते तं आपण हसाचं. कोनावर हसाचं?" पण अशाच एका पिक्चरमध्ये भूत वाड्याचा जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून दम घेतं, तिथे ती म्हणे इतकी हसली की पुढच्या रांगेतल्या माणसाने उठून जागा बदलली. "भुताचाही गुडघा गेला होता वो!"

आणि एक गोष्ट ती रागाने सांगायची, हसत नाही. मराठी पिक्चरमध्ये कोणी आपल्यासारखं बोलायला लागलं की समजायचं, हा चोर, नाहीतर नोकर, नाहीतर येडा. "तोंड उघडलं की लोक हसतात. त्यानं काई म्हणलं बी नाही अजून! 'मले पानी दे' म्हणलं त्यानं. तहान लागली तं हसासारखं काय हाये?" यावर मी भिंतीच्या अलीकडे मान हलवली होती. तिने पाहिली नाही, बरं झालं.

सगळ्यात मोठं मत मात्र इंटरवलचं. ती म्हणायची, कोणताही हसण्याचा पिक्चर अर्धाच चांगला असतो. "इंटरवल झाला की शहाणे होतात." म्हणजे कोणी तरी आजारी पडतं, कोणी तरी भाषण देतं, सगळे रडून एकमेकांच्या गळ्यात पडतात. "लग्नाचं जेवाले बलावते अन् तेरवी जेवू घालते." म्हणून ती इंटरवल झाला की उठून यायची. कोणत्याही पिक्चरचा शेवट तिला माहीत नसायचा. बायकांना सांगताना ती शेवट स्वतःच्या मनाने लावायची. पोरी पिक्चर पाहून आल्या की म्हणायच्या, "आजीचाच चांगला होता."

आता माझं सांगते. उन्हाळ्यात सरगुंडे करायला गल्लीतल्या बायका वर्षानुवर्षं माझ्याकडे यायच्या. भिजवलेल्या गव्हाच्या पिठाची नळी काडीवर वळायची, काडी फिरवून ती अलगद सोडवायची, आणि ती मधे पोकळ राहिली पाहिजे. माझ्यासारखा बारीक सरगुंडा या गल्लीत कोणाला जमत नाही, हे मी नाही, सगळे म्हणतात. ती आल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी निरोप दिला तर पहिलीच बाई म्हणाली, "काकू, जमनाबाई येऊन राह्यली न?"

मी म्हटलं, "तिले येते काय सरगुंडे?"

"सरगुंडे तुमी कराल न. जमनाबाई पिच्चर सांगन."

ती आली. भिंतीला टेकून पाय लांब करून बसली. तिचे सरगुंडे जाड, ओबडधोबड. एकीने तिच्या हातातल्या काड्या घेऊन स्वतः केल्या आणि म्हणाली, "तुमी सांगा फक्त." माझ्या अंगणात, माझ्या पिठावर, माझ्या काड्यांवर बायका खाली मान घालून वळत होत्या आणि कान तिच्याकडे. ओट्यावर हे बसलेले. ती मधेच ह्यांच्याकडे वळून म्हणायची, "भाऊजी, तुमीच सांगा, असा जावई पाह्यला काय कधी?" आणि हे हसायचे. भाऊजी म्हणजे बहिणीचा नवरा. मी तिची बहीण कधी झाले ते मला कोणी विचारलं नव्हतं.

हसताना ह्यांच्या वाकड्या तोंडातून लाळ गळायची. ती पुसायला मी.

मी ठरवलं, हे असं काय असतं ते एकदा पाहून यायचं. तिने आधी पुष्कळदा बोलावलं होतं. "चला न वच्छलाबाई, घरी बसून म्हाताऱ्या व्हाल."

मी म्हटलं होतं, "तुमी टॉकीजात बसून तरण्या झाल्या काय?"

बायका हसल्या होत्या, आणि सगळ्यात जास्त तीच हसली होती. मला ते आवडलं नव्हतं. मी टोमणा मारला होता आणि तिने तो बुंदीसारखा खाऊन टाकला. हे तेव्हा आत झोपले होते.

तर एकदा मी म्हटलं, येते. ह्यांच्याजवळ तिची सून बसली. यवतमाळला पोचलो, गुडघ्याचा शेक झाला, मग टॉकीज. तिने पदराच्या गाठीत भाजलेले शेंगदाणे आणले होते. आत खायला नेऊ देत नाहीत म्हणून दारावर ती कमरेत वाकून, कण्हत, माझ्या खांद्यावर भार टाकून चालली. दारावरच्या माणसाने तिला हात दिला. आत गेल्यावर सरळ झाली.

पिक्चर असा होता की एका लग्नाचं वऱ्हाड चुकून दुसऱ्याच लग्नात शिरतं आणि जेवायला लागतं. मुलीचा बाप त्यांना आपले पाहुणे समजून आग्रह करकरून वाढतो. तेवढ्यात खरे पाहुणे येतात. मला निम्मी हिंदी कळत होती, पण गोष्ट कळली. हसू आलं नाही. मला सारखं वाटत होतं, अन्न वाया जाईल. ती मात्र माझ्या मांडीवर थापा मारत होती. माझं अर्धं लक्ष पडद्यावर आणि अर्धं तिच्याकडे होतं. कुठे हसते, कशाला हसते, ते मी ध्यानात ठेवत होते. मला घरी जाऊन ते सांगायचं होतं. तिच्या आधी.

इंटरवल झाला. ती उठली. "चला."

"अजून अर्धा हाये न."

"आता शहाणे होतात."

मी म्हटलं, मी पूर्ण पाहणार. ती बाहेर जाऊन पायरीवर बसली. मी सगळा पाहून बाहेर आले तर ती दारावरच्या त्याच माणसाला शेंगदाणे देत होती. मला पाहून म्हणाली, "बाप पडला न?"

"पडला."

"दवाखान्यात नेलं?"

"नेलं."

"हिरोनं माफी मागतली?"

"मागतली."

"पाण्यापावसात?"

पावसातच मागितली होती.

घरी आल्यावर मी ह्यांना ओट्यावर बसवलं, चहा पाजला आणि सांगायला घेतलं. अगदी पहिल्यापासून. काही सोडलं नाही, काही चुकवलं नाही. कोण कोणाचा काका ते नीट समजावून सांगितलं. हे माझ्याकडे पाहत होते. ज्या जागी ती हसली होती त्या जागी मी थांबले. ते म्हणाले, "मंग?" मी पुढचं सांगितलं. पुन्हा थांबले. "मंग?" शेवटी बाप बरा झाला आणि लग्न लागलं इथपर्यंत सांगून संपवलं, तर त्यांनी डोळे मिटले होते.

दुसऱ्या दिवशी ती भिंतीवर कोपर टेकवून उभी राहिली. "भाऊजी, काल एक लग्न पाह्यलं." आणि तिने तेच सांगितलं. पण तिच्या सांगण्यात ते लग्न मुंबईच्या हॉटेलात नव्हतं, आर्णीच्या बाजार समितीच्या शेडमध्ये होतं. पिक्चरमध्ये लोक ताटल्या घेऊन उभ्याने खात होते. तिने पंगत बसवली. वांग्याची भाजी, बुंदी, पत्रावळी. आणि वाढता वाढता बापाच्या लक्षात येतं की हे लोक आपले नाहीत. तिच्या गोष्टीत तो वाढलेली बुंदी लोकांच्या पानातून मूठ मूठ उचलून परत टोपलीत टाकत पंगतभर फिरतो.

हे इतके हसले की खुर्ची हलली.

मी म्हटलं, "असं नव्हतं त्याच्यात. बुंदी नव्हतीच. मी होती तिथं."

भिंतीपलीकडच्या बायका म्हणाल्या, "काकू, आयकू द्या न वो."

जमनाबाई म्हणाली, "वच्छलाबाई खरं सांगून राह्यल्या. बुंदी नव्हती. पिच्चरवाल्यानं चुकोलं, मी दुरुस्त करून राह्यली."

मी आत गेले आणि उगाच घासलेली भांडी पुन्हा घासली.

आता पिठल्याचं सांगते. ते तिने गल्लीत इतक्यांदा सांगितलं आहे की माझ्या तोंडून कोणी ऐकलेलंच नाही.

एका सकाळी मी भाकऱ्या करत होते आणि तिच्या अंगणातून रडणं ऐकू आलं. एक नाही, दोन बायकांचं. गळा काढून, सूर धरून, मधे मधे शब्द घालून. मी भिंतीवरून पाहिलं तर जमनाबाई आणि एक अनोळखी बाई एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या, डोकी खांद्यावर, आणि दोघी रडताहेत. मला वाटलं, मुलगा गेला. तो रोज मोटारसायकलवर शाळेत जातो, रस्ता कसा आहे ते सगळ्यांना माहीत आहे. खोटं कशाला सांगू, त्या वेळी माझ्या मनात तिच्याबद्दल काही वाईट नव्हतं.

आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भाकरी करून नेतात. मी लगेच मोठ्या पातेल्यात पिठलं टाकलं. समोरच्या दोन घरी सांगितलं. त्यांनीही भाकऱ्या थापायला घेतल्या. एकीने आपल्या नवऱ्याला कामावर जाऊ दिलं नाही, म्हणाली, खांद्याला माणूस लागेल. मी पातेलं फडक्यात धरून, डोक्यावरून पदर घेऊन, रडका चेहरा करून तिच्या दारात गेले.

दारात तिचा मुलगा दात घासत होता.

आत त्या दोघी चहा पीत बसल्या होत्या आणि हसत होत्या. पाहुणी म्हणजे तिची धाकटी बहीण, केळापूरकडे दिलेली, पुष्कळ दिवसांनी आलेली. त्यांच्यात अशा भेटल्या की गळ्यात पडून सुरात रडायचं असतं. कोण जन्मलं, कोण गेलं, किती आठवण आली, सगळं त्या रडण्यातच एकमेकींना सांगायचं. ते झालं की डोळे पुसून चहा. मला काय माहीत?

जमनाबाईने माझ्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, माझ्यामागे भाकऱ्यांची टोपली घेऊन आलेल्या दोघींकडे पाहिलं. रस्त्यावर तो खांद्यासाठी थांबवलेला माणूस टोपी काढून उभा होता. तिने विचारलं, "कोन गेलं वो?"

मी म्हटलं, "तुमीच सांगा."

मग तिला समजलं. ती जमिनीवर बसली. बहिणीला गोरमाटीत सांगू लागली, पण सांगता येईना. शेवटी दोघींनी ते पिठलं वाढून घेतलं, माझ्यासमोर खाल्लं आणि चांगलं झालं म्हणाल्या. चांगलं झालंच होतं.

त्याच संध्याकाळी भिंतीवर कोपर टेकवून तिने ते ह्यांना सांगितलं. माझी चाल करून दाखवली. पदर कसा घेतला, तोंड कसं केलं, पातेलं कसं धरलं. आणि हे हसले. ती आल्यापासून हसले नव्हते तसे. डाव्या हाताने खुर्चीचा दांडा बडवत हसले. मी त्यांच्या बाजूलाच उभी होते. एवढा जन्म एका घरात काढून ते पहिल्यांदा माझ्या कशावर तरी हसले, आणि ते मी केलेलं होतं, माझ्या हातचं पिठलं होतं, पण सांगत होती ती.

मला राग तिने थट्टा केली त्याचा नाही आला. तिला थट्टा करता आली त्याचा आला.

पुढे तिच्या मुलाची वणीकडे बदली झाली. तिने आधी विचारलं म्हणे, तिकडे टॉकीज आहे का. आहे कळल्यावर सामान बांधायला घेतलं. मला बातमी कळली तेव्हा मी मनात म्हटलं, सुटले. आता माझ्या अंगणात बायका माझ्यासाठी येतील. दोन दिवस मी चांगल्या मूडमध्ये होते. मग ह्यांच्याकडे लक्ष गेलं. ते ओट्यावर बसून भिंतीपलीकडच्या खोक्यांकडे पाहत होते. जेवण कमी झालं. घास तोंडात धरून बसायचे. मी म्हटलं, "काय झालं?" तर भिंतीकडे मान केली.

ते हसू तिच्या टेम्पोत बसून वणीला जाणार होतं. माझ्याकडे राहणार होती ती फक्त लाळ पुसायची.

जायच्या दिवशी सकाळी टेम्पो भरला. या वेळी कपाटाला दोरी बांधली होती. मागे जीप उभी होती. मी ह्यांना धरून फाटकापर्यंत आणलं आणि खुर्चीवर बसवलं, त्यांचीच इच्छा होती. गल्लीतल्या बायका येऊन, सुनेची ओटी भरून, डोळे पुसून गेल्या. मी नारळ दिला. म्हटलं, "गुडघा सांभाळा." मला वाटलं, झालं.

तिने नारळ सुनेकडे दिला आणि माझ्या गळ्यात पडली. डोकं माझ्या खांद्यावर टाकलं आणि तो सूर लावला. तोच, बहिणीच्या वेळचा. मोठ्याने, लांब, शब्द घालून घालून. त्यात मला माझं नाव ऐकू आलं, भाऊजी ऐकू आलं, याडी, म्हणजे आई, ऐकू आलं, बाकी सगळं गोरमाटी. काय सांगत होती ते मला आजही माहीत नाही. मला रडू आलं नाही. माझे हात कुठे ठेवायचे ते कळेना. मी ते तिच्या पाठीवर ठेवले. पाठ हलत होती. अंगाला शेंगदाण्याचा वास.

तेवढ्यात समोरच्या घराचं दार धाडकन उघडलं. तिथे तलाठ्याची नवी बायको नुकतीच राहायला आली होती, पुण्याकडची. ती ओल्या हातांनीच धावत रस्त्यावर आली आणि घाबरून म्हणाली, "अहो काकू, कोण गेलं?"

मी जमनाबाईच्या डोक्यावरून म्हटलं, "कोनी नाही गेलं. पिठलं नको टाकू."

मागून ठसका लागल्यासारखा आवाज आला. या वेळी मी पाणी आणायला गेले नाही. मी मान वळवून पाहिलं. हे हसत होते. तिच्याकडे पाहून नाही. डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते माझ्याकडे पाहत होते.

जमनाबाई सुरात होती, तिला काही ऐकू गेलं नव्हतं. तिने डोकं वर केलं, नाक पुसलं, ह्यांना पाहिलं. मग मला पाहिलं. तलाठ्याची बायको तोंड उघडं टाकून उभी होती. ड्रायव्हरसुद्धा हसत होता.

"काय झालं वो? भाऊजी काहून हसून राह्यले?"

मी म्हटलं, "काई नाही. बसा, गाडी खोळंबली."

"काई तरी म्हणलं तुमी."

"बसा न."

सुनेने तिला हात धरून जीपमध्ये चढवलं. तिने गुडघा दोन्ही हातांनी उचलून आत घेतला, पण लक्ष गुडघ्याकडे नव्हतं. काचेतून ह्यांच्याकडे पाहत होती. जीप सुरू झाली तशी तिने मान बाहेर काढली. डोळे अजून ओले होते, आणि त्या ओल्या डोळ्यांत मी जे पाहिलं ते मी ओळखते. भिंतीच्या अलीकडे उभी राहून मी किती तरी वर्षं तसंच पाहत आले होते.

"वच्छलाबाई! सांगा न वो! काय म्हणलं?"

मी हात हलवला. बाकीच्यांसारखाच, निरोपाचा.

गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत तिची मान बाहेर होती आणि ती विचारत होती. मग मी पदराने ह्यांचं तोंड पुसलं. ते अजून हसत होते, म्हणून पुन्हा पुसावं लागलं.